कर्ता नसलेलं क्रियापद

भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला, मी काही वर्षं एका बाईंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. पहिल्या संध्याकाळी मी त्यांना 'आंटी' म्हणाले. त्या चहा गाळत होत्या. गाळणं तसंच हातात धरून म्हणाल्या, "बाई म्हण. आयुष्यभर पोरं मला बाईच म्हणत आलीत. आंटी ऐकलं की वाटतं, कोणीतरी वॉटर फिल्टर विकायला आलंय."

मुंबईतल्या एका मराठी शाळेत त्या इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर शहरातली खोली विकून इकडे चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा इस्राएलला. बाई ज्यू होत्या, पण आपल्या अलिबागकडच्या ज्यू. बांगड्याचं कालवण आणि भात हे त्यांचं पंचपक्वान्न, आणि रागावल्या की थेट कोकणातलं मराठी बाहेर यायचं.

"आमचे लोक तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे," त्या सांगायच्या. "म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. बस्स, एवढाच काय तो आमचा छळ! मुलगा म्हणतो, तिकडे ये. तिकडे सगळेच शनिवार पाळतात. मग मला शनवार तेली म्हणणार कोण?"

हा शनिवार मला हळूहळू कळत गेला. शुक्रवारी सूर्य मावळला की बाई विस्तवाला, विजेच्या बटणाला, फोनला हात लावायच्या नाहीत, ते थेट शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. लिफ्टचं बटणही नाही, त्यामुळे गुडघेदुखीच्या बाई शनिवारी घराबाहेर पडायच्या नाहीत. मला कधी "दिवा लाव" असं त्यांनी सांगितलं नाही. सांगणंसुद्धा नियमात बसत नसावं. त्या खिडकीकडे बघून आपल्याशीच म्हणायच्या, "अंधार पडला वाटतं." मी उठून बटण दाबायचे. एकदा मुद्दाम मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसून राहिले. थोड्या वेळानं आवाज आला, "काही लोकांना अंधारातसुद्धा दिसतं. मांजरांना वगैरे."

स्वयंपाकघरातली त्यांची दुसरी तऱ्हा अंड्यांची. प्रत्येक अंडं वेगळ्या काचेच्या वाटीत फोडायचं, वाटी ट्यूबलाइटखाली धरायची, चष्मा कपाळावर चढवून आत बघायचं. रक्ताचा टाचणीएवढा ठिपका दिसला की ते अंडं बेसिनमध्ये. सकाळी आठच्या घाईत आम्लेटची वाट बघत उभं राहायचं आणि डोळ्यांदेखत दोन अंडी वाहून जाताना बघायची, हा माझा नित्यक्रम.

"बाई, एवढुसा तर ठिपका होता."

"रक्त आहे. रक्त आम्हाला चालत नाही."

मटणाचं तर विचारूच नका. ते आधी पाण्यात भिजवायचं, मग मुर्ध्याच्या मिठागरातून मुद्दाम आणलेलं खडेमीठ सगळ्या बाजूंनी चोळून तिरक्या फळीवर निथळत ठेवायचं, मग तीनतीनदा धुवायचं. रविवारी अकराला आणलेलं मटण चारला ताटात पडायचं. तोवर मी वेफर्सवर जगायचे.

पण त्यांची खरी दुश्मनी एका शब्दाशी होती. तो शब्द म्हणजे 'म्हणे'.

मी राहायला आले त्याच आठवड्यात बोलता बोलता म्हणाले, "बाई, उद्या पाणी येणार नाही म्हणे."

"कोण म्हणालं?"

"खाली सगळे म्हणत होते."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांग. त्याला कोणी सांगितलं?"

मला वाटलं, गंमत चालली आहे. बाई चपला घालून खाली गेल्या, वॉचमनला विचारलं, पंपवाल्याला गाठलं आणि वर येऊन जाहीर केलं, "पाणी येणार आहे. मोटर दुरुस्तीला दिलीय शेजारच्या सोसायटीनं. आपली नाही." मग मला समोर बसवून व्याकरणाचा तास घेतला. "नीट ऐक. 'रमेश म्हणाला' यात रमेश कर्ता आहे. उद्या त्याला पकडून विचारता येतं, बाबा रे, तू असं म्हणालास का? 'म्हणे' हे कर्ता नसलेलं क्रियापद आहे. पकडायचं कोणाला? असलं निनावी क्रियापद मी घरात घेत नाही."

पुढे प्लॅस्टिकच्या पनीरची भुमका उठली, तेव्हा त्यांनी पाव किलो पनीर आणून तळमजल्याच्या बेनच्या दारात मेणबत्तीवर भाजून दाखवलं. बेन म्हणजे आमच्या सोसायटीचं बातमीपत्र. पनीर जळलं, दुधासारखा वास आला. बेन म्हणाल्या, "ये तो अच्छा वाला होगा, बाई. वो दूसरा वाला होता है ना, वो!" बाई वर आल्या आणि उरलेल्या पनीरची भुर्जी केली. हरल्यावर त्या खायला छान करायच्या.

या दुश्मनीचं मूळ मला कळलं ते त्यांच्या सणाच्या आधी. बिनखमिराच्या भाकरीचा सण असतो त्यांचा, मार्च-एप्रिलमध्ये. गव्हाचं पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही, मीठसुद्धा नाही. पिठात पाणी पडलं की फुगायच्या आत भाकरी भाजून व्हायला हवी, त्यामुळे बाईंची नुसती धावपळ. त्या पहिल्या वर्षी मी लाटत होते, त्या भाजत होत्या, आणि तव्यावरची भाकरी उलटताना त्या सहज म्हणाल्या, "या भाकरीपायी युरोपात माणसं जाळलीत, माहितीये?"

मी लाटणं थांबवलं. "लाट, लाट," त्या म्हणाल्या. "हात चालू ठेव, मी सांगते."

आणि सातवीच्या वर्गाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. शेकडो वर्षांपूर्वीची गोष्ट. ख्रिस्ती लोकांची गावं, त्यात कडेला ज्यूंची एक गल्ली. त्यांचा ईस्टर आणि ज्यूंचा हा सण साधारण एकाच सुमाराला येतो. कुठल्यातरी गावात एखादं पोर हरवायचं. की लगेच, ज्यूंनी पळवलं म्हणे. मारलं म्हणे. त्याचं रक्त सणाच्या भाकरीत कालवलं म्हणे.

"रक्त?" मी म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर बेसिनमध्ये वाहून जाणारी अंडी आली.

"तेच तर! अंड्यातला ठिपका ज्यांना चालत नाही त्यांच्यावर हा आळ. मग धरून आणायचं, हातपाय पिळवटायचे, मोडायचे, कबूल करून घ्यायचं. वेदना थांबावी म्हणून माणूस काहीही कबूल करतो. एकानं कबूल केलं की सगळी गल्ली जाळायची नाहीतर हाकलायची. पोर कधीकधी पुढे नदीत सापडायचं, बुडालेलं. पण तोवर सगळं होऊन गेलेलं असायचं. प्लेग आला तेव्हा म्हणे यांनी विहिरींत विष घातलं. अगं, ज्यूसुद्धा प्लेगनं मरतच होते! पण गावच्या गाव पेटवलं. एका पोपनं फर्मान काढलं की हे खोटं आहे. राजांनी चौकशा केल्या, खोटं निघालं. तरी पुढच्या गावात पुन्हा तेच. घे, ती भाकरी करपतेय, उलट."

"तुम्हाला घरात सांगितलं होतं हे, लहानपणी?"

"छे! आमच्या आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचा घाणा, तिचा नारळ, तिचा समुद्र. मी तिशीत असताना धड्याची तयारी करायला लायब्ररीत एक जाड पुस्तक काढलं, त्यात वाचलं. सण चार दिवसांवर आलेला. घरी येऊन पीठ भिजवायला घेतलं आणि त्यात हात घालून बसूनच राहिले. मला वाटायला लागलं, खिडकीतून कोणीतरी बघतंय. त्या वर्षी घास उतरला नाही घशाखाली."

एवढं बोलून त्यांनी परातीतलं पीठ झटकलं आणि त्या सगळ्या भाकऱ्या ताटल्यांत मांडून मजल्यामजल्यावर पाठवल्या. दरवर्षी पाठवायच्या. लोक चटणीबरोबर खायचे आणि "बाई, थोडं मीठ घाला पुढच्या वेळी" असा निरोप द्यायचे.

त्यानंतरच्या वर्षी, सणाच्या जरा आधी, एका शनिवारी दुपारी खाली आरडाओरडा झाला. मी हाफ डे करून नुकतीच आले होते. खिडकीतून बघितलं तर गेटपाशी गर्दी, आणि धारवाल्याची सायकल आडवी पडलेली. हा माणूस महिन्यातून एकदा यायचा. सायकल स्टँडवर चढवून पायडल मारायचं की पुढचं दगडी चाक फिरायचं, त्यावर चाकू, कात्र्यांना धार लावून द्यायचा.

तेवढ्यात शेजारणीनं दारातूनच सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरची परी सापडत नाहीये. पाच वर्षांची पोर. "धारवाल्यानं पळवली म्हणे. टोळी आहे म्हणे त्यांची. ग्रुपवर व्हिडिओ पण आलाय."

बाईंनी "कोण म्हणालं" असं विचारलं नाही. त्या उठल्या आणि जिन्याकडे चालू लागल्या. चार मजले. एका हातानं कठडा, एका हातानं माझा खांदा.

खाली धारवाला जमिनीवर बसला होता. ओठ फुटला होता, शर्टाची बटणं तुटली होती, आणि सेक्रेटरींनी त्याची कॉलर धरली होती. एरवी हे गृहस्थ मेंटेनन्स मागायलासुद्धा लाजायचे. परीची मम्मी रडत रडत त्याला थपडा मारत होती, "कहाँ है मेरी बच्ची? बोल ना, कहाँ है?" तो हात जोडून एकच म्हणत होता, "दीदी, मैंने नहीं देखा. माँ कसम, नहीं देखा." चार-पाच पोरं मोबाइल वर धरून शूटिंग करत होती. रस्त्यावरचे अनोळखी लोकही आत घुसले होते. त्यातला एक पुढे वाकून म्हणाला, "नाम क्या है तेरा? पहले नाम बता."

"नाव कशाला हवंय?" बाईंचा आवाज आला.

तो वर्गातला आवाज होता. मागच्या बाकापर्यंत जाणारा. माझेसुद्धा हात आपोआप पाठीमागे गेले.

"नावावरून काय ठरवणार आहात? खुर्ची आण गं."

मी वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची आणली. बाईंनी ती बरोबर त्या माणसाच्या आणि गर्दीच्या मध्ये ठेवली आणि त्या बसल्या. आता त्याला मारायचं तर सत्तरीच्या म्हातारीला ओलांडून जायला लागणार होतं.

"कॉलर सोडा, सेक्रेटरी. आता एकेकानं बोलायचं. पोरीला याच्याबरोबर जाताना कोणी पाहिलं?"

"सगळे म्हणतायत, बाई."

"सगळे नको. मला एक माणूस द्या. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बेननं."

"बेन, आपको किसने बताया?"

"वॉचमन बोला ना!"

वॉचमन घाबरून म्हणाला, "मैं नहीं देखा, मॅडम. मेरे को तो सेक्रेटरी साब बोले, गेट बंद करो, बच्चा चोर पकडा है."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरींचे कान लाल झाले. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात शूटिंग करणाऱ्या एका पोरानं सायकलला लटकणाऱ्या पिशवीतून एक ओलं फडकं ओढून काढलं आणि ओरडला, "और ये क्या है? खून है ये!"

फडकं खरंच लालसर होतं, त्यातून लालच पाणी ठिबकत होतं. परीच्या मम्मीनं ते बघितलं आणि ती किंचाळली. तशी किंचाळी मी पुन्हा ऐकलेली नाही. गर्दी एकदम एक पाऊल पुढे आली.

"इकडे दे," बाई म्हणाल्या. पोरानं दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फडकं तळहातावर पिळलं, बोटांनी चोळलं आणि हात परीच्या मम्मीपुढे धरला. "हात लाव, बाळ. लाव. खरखर लागते ना? लोखंडाचा गंज आहे हा. दगडावर पाणी सोडतात, ते पुसायचं फडकं. रक्त असं खरखरत नाही."

"आपको कैसे पता?" तो पोरगा म्हणाला.

"मैं रोज सुबह अंडे में खून ढूँढती हूँ," बाई शांतपणे म्हणाल्या.

मग बाईंनी मला चकित केलं. माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि स्वतः पोलिसांना फोन लावला. शनिवारी. पत्ता सांगितला, "एक लहान मुलगी हरवलीय आणि एका माणसाला मारताहेत, ताबडतोब या," म्हणाल्या आणि फोन मला परत दिला. मग गर्दीकडे वळल्या.

"एवढी माणसं इथं उभी आहेत. पोरीला शोधायला कोण गेलंय?"

खरंच कोणीही गेलं नव्हतं.

"सेक्रेटरी, तुम्ही गच्ची बघा. पोरांनो, मोबाइल खिशात टाका, गाड्यांखाली बघा. बायकांनी एकेक घर बघायचं. पलंगाखाली, कपाटामागे, सगळीकडे. जा!"

पोलीस यायच्या आतच परी सापडली. बेनच्याच घरात, पलंगाखाली, उशी घेऊन गाढ झोपलेली. बेनच्या नातीबरोबर लपाछपी चालू होती, नातीवर राज्य होतं, आणि नात मध्येच कार्टून बघायला बसली होती. "मैं ढूँढने वाली थी ना," ती म्हणाली, "एक एपिसोड के बाद."

परीच्या मम्मीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि ती वर निघून गेली. सेक्रेटरी "चला, देवाची कृपा" म्हणाले. गर्दी पांगली. पोलिसांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि तेही गेले. त्या माणसाला कोणीही काही बोललं नाही. मी पाणी आणून दिलं, त्यानं चूळ भरली, ती लाल आली. बाईंनी त्याला वर चहाला बोलावलं, तो नको म्हणाला. वाकड्या चाकाची सायकल ओढत, उचलत तो गेटबाहेर गेला.

वर चढताना बाई प्रत्येक मजल्यावर बसल्या. तिसऱ्या मजल्यावर मी म्हणाले, "बाई, तुम्ही शनिवारी फोन लावलात."

"जीव वाचवायचा असेल तर शनिवार मोडायचा असतो. तसं सांगितलेलंच आहे." मग कठडा धरून उठताना म्हणाल्या, "आज पोरगी सापडली म्हणून तो सुटला. ती खरंच हरवली असती तर? तरीही त्यानं काही केलेलं नव्हतंच ना?"

मला वाटलं, आता सोसायटी बाईंचा सत्कार करणार. आठवडा नाही झाला आणि लिफ्टमध्ये मी ऐकलं, की त्या माणसानं पोरीला गुंगीचं औषध देऊन ठेवलं होतं म्हणे, रात्री न्यायला येणार होता. बाईंनी त्याला सोडवला म्हणे, काहीतरी साटंलोटं असणार. आणि दर शनिवारी त्या अंधारात बसून काय करतात, कोणाला ठाऊक!

मी तणतणत वर आले आणि सगळं सांगितलं. बाई आधी हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "आमच्या आज्या-पणज्यांना अख्ख्या कोकणात जे मिळालं नाही, ते मला भाईंदरात मिळालं गं! मुलाला फोन करून सांगते."

सण आला. त्यांनी नेहमीइतक्याच भाकऱ्या केल्या, नेहमीसारख्या मला ताटल्या घेऊन पाठवलं. काही दारांत ताटली घेतली गेली. काही दारं उघडलीच नाहीत. दोन ताटल्या संध्याकाळी झाकलेल्या रुमालासकट तशाच परत आल्या. बाईंनी रुमाल उचलला, पुन्हा झाकला, आणि खुर्चीत बसल्या.

"बाई, आपण सगळ्यांना घरी बोलवू या," मी म्हणाले. "समोर पीठ भिजवा, समोर भाजा. बघू देत ना!"

"नाही," त्या म्हणाल्या. "पनीर जाळून दाखवलं ना मी? भाकरी नाही दाखवणार. मी शेजारी म्हणून पाठवली होती. तपासायला नाही."

त्या दिवशी त्या पहिल्यांदा मला म्हाताऱ्या वाटल्या. परत आलेल्या भाकऱ्या आम्ही दोघी पुढे बरेच दिवस चहात बुडवून खात होतो.

धारवाला पावसाळ्यानंतर पुन्हा दिसला. गेटच्या आत यायचा नाही. पलीकडे नवघर रोडच्या कोपऱ्यावर, रसवंतीच्या बाजूला उभा राहायचा. त्याची हाक चौथ्या मजल्यापर्यंत पोचायची नाही, म्हणून बाईंनी रसवंतीवाल्याला माझा नंबर देऊन ठेवला होता. त्याचा फोन आला की त्या घरातल्या सगळ्या सुऱ्या, कात्र्या टॉवेलात गुंडाळून निघायच्या. धारेची गरज असो-नसो. आमच्या घरातल्या सुऱ्या झिजून बोटभर उरल्या होत्या.

मी भाईंदर सोडण्याच्या थोडं आधीची गोष्ट. आम्ही दोघी तशाच कोपऱ्यावर उभ्या होतो. तो आमच्या कात्रीला धार लावत होता. मागे कोणीतरी येऊन थांबलं. बघितलं तर परीची मम्मी. एका हाताला परी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा चाकू. ती आमच्याकडे बघेना, त्याच्याकडेही बघेना. त्यानं तिला ओळखलं. पायडलवरचा पाय थांबला, आणि तो सायकलमागे थोडा सरकला.

मला कोपरानं ढोसून बाईंनी गप्प बसायला सांगितलं.

परीच्या मम्मीनं कागद सोडला आणि चाकू मुठीकडून त्याच्यापुढे धरला. "भैया," ती म्हणाली. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं चाकू घेतला, अंगठ्याच्या नखावर धार बघितली आणि पायडल मारलं. चाकातून ठिणग्यांचा झोत उडाला. परी मम्मीच्या हाताला हिसका द्यायला लागली, तिला जवळून बघायचं होतं. मम्मीनं पकड आवळली. थोडा वेळ तशीच आवळून ठेवली. मग सोडली.

परी धावत थेट चाकापाशी जाऊन वाकली. त्यानं झटकन पायडल थांबवलं आणि मोकळ्या हातानं तिला मागे राहायची खूण केली.

"बेटा, थोडा दूर से देखो," तो म्हणाला. "आँख में जाएगा."